कोट न्यायला आलो होतो

टोलीडोत, नदीकाठच्या बोलिंग अ‍ॅलीत
रात्री साडेअकराला शेवटचा चेंडू गडगडत परत आला
की माझा बाप ज्यूकबॉक्सपाशी जायचा.
नाणं लागत नसे. मागचा पत्रा सैल होता.
आत हात घालून एक तार ओढायचा
आणि के-सात दाबायचा.

तीन मिनिटं, चार सेकंद.
आधी व्हायोलिनं, जरा जास्तच गोड,
केकवरच्या साखरेसारखी बोटांना चिकटणारी.
मग तो माणूस.
कोट न्यायला आलो होतो, म्हणतो.
बाकी काही नाही.
इकडून चाललोच होतो, दिवा दिसला.
तू बरी दिसतेस. मीही बरा आहे.
झोप लागते. जेवण जातं.
डोळ्यांत पाणी? छे, बाहेर वारा आहे.

मी आठ वर्षांची, काउंटरवर बसून
भाड्याच्या बुटांत जंतुनाशक फवारत असायची
आणि मला तो खोटारडा वाटायचा.
नुसता कोट न्यायला आलेला माणूस
एवढा वेळ दारात का उभा?
बापाला विचारलं एकदा.
"बटणं बरीच असतील," तो म्हणाला.

आई जाऊन तोवर दोन हिवाळे झाले होते.
लोरेटा काचमारेक, साडेसहा नंबरचा पाय,
गाड्यांच्या काचा विकणाऱ्या एका माणसाबरोबर
अ‍ॅरिझोनात, जिथे म्हणे कोट लागतच नाहीत.
बापाने ब्र काढला नाही.
चर्चच्या पायऱ्यांवर कुणी विचारलंच तर
तिच्या छातीला कोरडी हवा मानवते, एवढंच.
आणि म्हातारी मिसेस प्रुशिन्स्की मान डोलवायची,
जणू तिनेच डॉक्टरची चिठ्ठी वाचली होती.

रॅकवर साडेसहाचा एक जोड होता,
तांबडा नि मोतिया, दर रविवारी पॉलिश केलेला.
कुणी मागितला तर बाप म्हणायचा,
टाच उखडलीय.
टाच मी पाहिली होती.

तर, गाणं.
तिसऱ्या कडव्याआधी वाद्यं थांबतात,
गायक आता काहीतरी बोलणार,
आणि दर रात्री, नेमका तेव्हाच,
बाप चेंडू पुसायचं यंत्र सुरू करायचा.
घर्रर्र.
ते थांबेतो गाणं संपलेलं.
एकवीस वर्षं मी ते गाणं
शेवट सोडून ऐकलं.
धरूनच चालले होते
की शेवटी तो माणूस कोसळत असणार,
चौकट धरून, तिचं नाव घेऊन,
पोटातलं सगळं बाहेर,
आणि बापाला ते सोसवत नसणार.

अ‍ॅली विकली गेल्या मंगळवारी.
बापाला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.
ज्यूकबॉक्स न्यायला डेट्रॉइटहून दोन पोरं आली,
दोरखंड आणि जुनी गोधडी घेऊन.
म्हटलं, थांबा.
पत्रा अजून सैलच होता.

वाद्यं थांबली.
यंत्राचं बटण माझ्या हाताशी होतं.
आणि मग, शपथेवर सांगते,
एक श्वास.
रेकॉर्ड करणाऱ्याकडून कापायचा राहिलेला
किंवा मुद्दाम ठेवलेला,
ओला, किंचित उशिराचा,
आवंढ्यामागून वाट काढत आलेला.
मग तो म्हणाला,
कोट राहू दे इथेच.
तुझ्याकडे थंडी जास्त असते.

बस्स. पुन्हा व्हायोलिनं,
आणि लहान लहान होत गेलेला आवाज,
पार्किंगमधून कुणी पायी निघाल्यासारखा.

कोसळला नाही तो.
इतकं सरळ उभं राहणं
मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.
आणि ऐकलं होतं,
रोज रात्री, त्या घरघरीखाली.

"जुनी गाणी जरा रडकीच, नाही?"
पोरांतला एक गोधडी गुंडाळत म्हणाला.
मी म्हटलं, कुठे? यात कोण रडलंय?

मग त्याची नजर रॅककडे गेली.
बूटही देणार का सगळे?
सगळे, म्हटलं. तो तांबडा सोडून.
टाच उखडलीय.

त्याने जोड उचलला, उलटा केला,
टाचेवरून अंगठा फिरवला.
माझ्याकडे पाहिलं.
आणि काही न बोलता
होता तिथे, हळूच, परत ठेवला.